शाईला 'पुरो' म्हणणारे सालूबाब

फ्लेक्स छापून घ्यायला येणारा आमच्याकडचा माणूस तीन गोष्टी सांगतो. फोटो मोठा घ्या, नाव मोठं घ्या आणि रंग जरा गडद मारा. पहिल्या दोन गोष्टींना आमच्या दुकानात कोणाचीच हरकत नव्हती. तिसरी कानावर पडली, की आतल्या खोलीतून, मशीनच्या घरघरीवर चढून आवाज यायचा, "गडद व्हया काय कोरडां व्हया, तां आधी इचार तेका!"

तो आवाज सालूबाबांचा. पूर्ण नाव साल्वादोर. पण ते फक्त रेशनकार्डाला आणि पाद्रीबाबाला ठाऊक असावं. कुडाळात एमआयडीसीच्या रस्त्याला सुहासदादांचं फ्लेक्स छापायचं दुकान. तिथे मी डिझाइन करायचे, म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छुकांची डोकी मानानुसार ओळीत बसवायचे, आणि सालूबाब छापायचे. घर तोंडवलीच्या बाजूला. आठवडाभर कुडाळात भाड्याच्या खोलीत राहायचे, शनिवारी संध्याकाळच्या एसटीने गावी, रविवारी चर्च, सोमवारी परत. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कॉलरला घाम टिपणारा रुमाल, आणि छाती अशी पुढे की माणूस दारातून आत यायच्या आधी शर्टाची बटणं यायची.

नम्रता हा गुण त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता आणि त्यांना तिची उणीवही भासली नाही. "कुडाळात रंग समजणारे दोघे," ते सांगायचे. "एक मी. दुसरो अजून जन्मूक व्हयो."

आधी ते होड्यांवर नावं रंगवायचे. मालवणच्या किनाऱ्यावर कितीतरी होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, त्यांच्या हातची अक्षरं होती. मग फ्लेक्स आले, लोक रंगाऱ्याला विसरले. दुसरा कोणी असता तर नशिबाच्या नावाने बोटं मोडत घरी बसला असता. सालूबाब सरळ सुहासदादांच्या दुकानात शिरले. आंबा महोत्सवाचा एक फ्लेक्स नुकताच छापून टांगला होता. त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि विचारलं, "ह्यां काय छापलास? आंबो काय पपई?" सुहासदादांना राग आला, पण फ्लेक्सकडे पुन्हा बघितलं तेव्हा त्यांनाही पपईच दिसायला लागली. सालूबाब दुसऱ्या दिवसापासून कामावर.

त्यांचं खरं काम बटण दाबण्याचं नव्हतं, मर्यादा ठरवण्याचं होतं. हे जरा सांगायला हवं, कारण सालूबाबांची सगळी ऐट त्यावर उभी होती. फ्लेक्सचं कापड दर वेळी सारखं येत नाही. एखादं शाई पितं, एखादं तोंड फिरवतं. म्हणून नवा रोल चढवला, की प्रत्येक रंगाची एक पट्टी छापायची. फिकट ठोकळ्यापासून सुरुवात, मग वाढत वाढत पूर्ण शाईपर्यंत. एका ठिकाणी असं होतं, की पुढे शाई वाढते पण रंग वाढत नाही. नुसती ओल राहते, कडा पसरतात. त्या जागेच्या किंचित अलीकडे थांबायचं आणि मशीनला सांगायचं, की बाबा, याच्या वर शाई सोडायची नाही. इतर दुकानांत हे काम अंदाजपंचे चालायचं. सालूबाब पट्टी उजेडात धरायचे, बोटाच्या पाठीने चाचपायचे, वास घ्यायचे, आणि एका ठोकळ्यावर नख टेकवून म्हणायचे, "पुरो!"

एकदा एक होतकरू पुढारी आला. शुद्ध, ऑफिसात बोलावं तशा मराठीत म्हणाला, "मागचा लाल असा पेटला पाहिजे."

सालूबाब बाहेर आले. "साहेब, पेटवूचो आसात तर माचिस घेवन येवा. शाईन पेटणा नाय, शाईन भिजता."

सुहासदादांनी कपाळावर हात मारला. पुढारी मात्र ऐकत राहिला, कारण सालूबाबांनी त्याला खुर्चीत बसवून पान वाढलं होतं, तोंडाने. "पानार भात वाढलो. भातार कढी घातली. बरी लागली. म्हणान कढी वाढीतच ऱ्हवलंय, तर भात आणि गोड होतलो? नाय! कढी पानाभायर जातली आणि तुमच्या धोतराक लागतली. कापड म्हणजे भात, शाई म्हणजे कढी." पुढाऱ्याने पँट घातली होती, पण त्याला पटलं. पुढे तो निवडणूक हरला, फ्लेक्स मात्र पाऊसभर टिकला.

कामाला सुरुवात गाऱ्हाण्याने व्हायची. आमच्याकडे कुठलंही शुभकार्य असलं, की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने खणखणीत आवाजात मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. सालूबाब जातीचे ख्रिस्ती, गळ्यात क्रूस. पण गाऱ्हाणं असं घालायचे की देवळातल्या गावकाराने शिकवणी लावावी. नवा रोल चढला, की मशीनसमोर हात जोडून उभे.

"बा मशीनी! चार रंगांच्या, चार नळयांच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी आणि सुहासदादा.

"आज तुझ्या तोंडात नवां कापड घातलां आसा, तां गोड मानून घे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोणाचा नाव चुकला असात, कोणाचो फोटो कापलो असात, तर तो दोष डिझायनवाल्या चेडवाच्या माथ्यार घाल आणि माझो रंग सांभाळ, म्हाराजा!"

इथे मी गप्प बसायचे. सुहासदादा मात्र सगळ्यात मोठ्याने 'होय म्हाराजा' म्हणायचे.

असं सगळं छान चाललेलं असताना सुहासदादांनी नवं मशीन घेतलं. रुंद, दणकट, आणि बरोबर एक वाचक. म्हणजे हातात मावेल एवढं यंत्र; पट्टी छापली, की ते एकेका ठोकळ्यावरून फिरतं, रंग मोजतं, आणि शाई वाढूनही रंग कुठे वाढेनासा झाला हे स्वतःच शोधून मर्यादा स्वतःच लावून टाकतं. बसवायला आलेल्या माणसाने आम्हाला ते दाखवलं. सालूबाब हाताची घडी घालून मागे उभे.

"आयलो इन्सुलीचो नाको!" गोव्याच्या हद्दीवरचा गाड्या तपासणारा नाका आठवून ते म्हणाले. "आता प्रत्येक रंगाक गाडी उभी करून डिकी उघडून दाखवची लागतली."

त्या दिवसापासून वाचकाचं नाव 'नाको' पडलं आणि तो खणात जाऊन बसला. सुहासदादांनी एक-दोनदा विषय काढला. सालूबाब म्हणाले, "माझे डोळे आसत तवसर त्या नाक्याक पगार कित्याक?" सुहासदादांनी विषय सोडला. मीही सोडला असता. सालूबाबांना वाचक वापरायला सांगणं म्हणजे चांगल्या सुगरणीच्या हातात मोजायचा चमचा देण्यासारखं होतं.

त्याच सुमारास त्यांच्या काही तक्रारी वाढल्या. दुकानातल्या ट्यूबा मंद झाल्यात म्हणून त्यांनी बदलून घेतल्या. नव्याही मंद निघाल्या. निळी शाई पातळ येते म्हणून शाईवाल्याला फोनवर इतकं झापलं, की तो बिचारा स्वतः बाटल्या घेऊन आला. "दूध विकणारे पाणी घालतत, तां माका म्हायत होतां. शाईवाले पण?" आम्ही हसलो. मोठ्या माणसाचा तऱ्हेवाईकपणा वाढतो तसाच हा, असं धरून चाललो.

मग त्यांच्या गावच्या सायबिणीचं फेस्त, म्हणजे वर्षाचा सण, आला. सायबीण म्हणजे मेरीमाता. सप्टेंबरचे दिवस, पाऊस सुरूच, आणि गणपतीही त्याच सुमाराला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चर्चने वेदीमागे लावायला मोठा पडदा सांगितला: सायबीण, पायाशी समुद्र, अंगावर निळी शाल. सांगताना कमिटीने एवढंच म्हटलं होतं, "सालूबाबाचो रंग व्हयो." ते वाक्य सालूबाबांनी आम्हाला दिवसातून कितीदा तरी ऐकवलं. त्या गावात त्यांचं बालपण गेलं, तिथेच ते एक दिवस मातीत जाणार होते, आणि गावातला जो तो त्या वेदीकडे तोंड करून बसणार होता. त्यांचं नाव काय ते त्या निळ्यावर होतं.

नाको खणातच राहिला. पट्ट्या छापल्या, सालूबाबांनी उजेडात धरल्या, निळ्याच्या पट्टीवर नेहमीपेक्षा बराच वेळ घेतला, आणि पार शेवटच्या ठोकळ्यांकडे नख टेकवलं. "पुरो!" मला ते निळं जड वाटलं. पण सालूबाबांना रंगाबद्दल कोण सांगणार? पडदा झाला, रात्रभर वाळत टांगला, सकाळी कमिटीचा माणूस रिक्षातून घेऊन गेला. रिक्षात मावेना म्हणून त्याने घडी घातली.

दुपारी तोच माणूस पडदा घेऊन परत आला. त्याने तो जमिनीवर उलगडला. घडीत शालीचा भाग चेहऱ्यावर आला होता आणि ओल्या निळ्याने सायबिणीचा गाल, डोळा, अर्धी हनुवटी माखली होती. कोणीतरी मारल्यासारखं ते दिसत होतं.

"घडी घालूक नको होती," सुहासदादा घाईघाईने म्हणाले.

"पाऊस केवढा आहे," मी म्हणाले. "हवाच दमट आहे."

"चूक माझीच," कमिटीचा माणूस म्हणाला. "माका कळाक व्हया होतां." तोही त्यांच्याच गावचा, त्यालाही सालूबाबांना वाचवायचं होतं.

तीन माणसांनी तीन सबबी त्यांच्या हातात ठेवल्या होत्या. त्यांनी एकही उचलली नाही. वाकून शालीवरून बोट फिरवलं. बोट निळं झालं. ते बोट त्यांनी बराच वेळ डोळ्यांजवळ धरलं.

"घडयेचो दोष नाय. शाई ज्यास्त झाली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, तो नाको काढ भायर."

मी वाचक जोडला. ठोकळे छापले, जरा वाळू दिले. वाचक एकेका ठोकळ्यावरून टिकटिक करत सरकू लागला आणि स्क्रीनवर निळ्याची रेघ चढत गेली. चढत चढत एका ठिकाणी आडवी झाली. प्रोग्रॅमने तिथेच खूण केली. सालूबाबांनी नख टेकवलं होतं ती जागा त्या खुणेच्या पुष्कळच पुढे होती. मला वाटलं, आता ते यंत्राला शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी पट्टी उचलली, दारापाशी नेली आणि मला हाक मारली. दोन ठोकळ्यांवर दोन बोटं ठेवली. "ह्या निळ्यात आणि ह्या निळ्यात तुका फरक दिसता?"

"दिसतो की. हा फिका, तो चांगलाच गडद."

"माका दोनय सारखेच." ते माझ्याकडे वळले. "तुझो ड्रेस खयच्या रंगाचो?"

"निळा."

"खराच?"

"हो, सालूबाब."

"मी समजत होतंय चेडवाक हिरव्याचो भारी सोस!" ते हसले, आणि मला रडू आलं. मंद ट्यूबा, पातळ शाई, सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या तर माझ्याआधीच आलं होतं.

अशा वेळी माणूस आवाज खाली घेतो. सालूबाबांनी चढवला. कमिटीचा माणूस समोर होता, गणपतीचे बॅनर न्यायला आलेली गिऱ्हाईकं होती, समोरचा चहावाला होता. "सुहासा! माझो डोळो गेलो. मोतीबिंदू असतलो, माझ्या बापाशीक पण होतो. नाको बरोबर, मी चूक. त्याच्या खुणेर मशीन लाव आणि पडदो परत छाप. आणि तुमी सगळे काय बघतास? डोळो गेलो हा, जीभ शाबूत आसा!"

गणपतीची कामं बाजूला सारून पडदा पुन्हा छापला. या वेळी घडी नाही. पाइपाला गुंडाळून टेंपोत आडवा घातला, आणि सुहासदादा, मी आणि सालूबाब स्वतः घेऊन गेलो. चर्चमध्ये शिडी लावून पडदा वर चढवला तेव्हा नोव्हेनाला, फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, आलेल्या बाया बाकांवर बसत होत्या. पडदा सुटला आणि त्यांच्यात कुजबूज झाली. "काय निळो आसा गो! समुद्रच हाडून लावल्यानी." एक म्हातारी तर गुडघ्यांवर बसलीच. खरंच तो निळा तसा होता, मोकळा, आतून उजेड असलेला. नाक्याने मर्यादा घातली होती म्हणूनच तो तसा आला होता.

मी आनंदाने सालूबाबांकडे बघितलं. ते शेवटच्या बाकापाशी खांबाला टेकून उभे होते. मला जवळ बोलावून कानात म्हणाले, "माका तर धुवून धुवून इटलेल्या लुगड्यासारखो दिसता. पण तू लोकांची तोंडां बघ. तेंच्यार भरवसो ठेवतंय." आणि छाती पुढे काढून अभिनंदन घ्यायला निघून गेले. प्रत्येकाला सांगत होते, "रंग माझो नाय, मशीनीचो. मशीन कोणाची? आमची!"

यानंतर नाक्याला सालूबाबांइतका मोठा वकील मिळाला नसेल. रोल कुठलाही असो, ठोकळे छापले जात, वाचक फिरे, आणि गाऱ्हाण्यात 'नाक्यावरच्या म्हाराजा'ची भर पडली. कोणी 'गडद मारा' म्हटलं, की सालूबाब सांगायचे, "माझ्या हातात काय नाय. नाको सोडणा नाय." आणि पाठोपाठ, कोणी विचारलं नसताना, आपला डोळा कसा गेला आणि यंत्राने तो कसा पकडला याची गोष्ट. ती दर वेळी थोडी वाढायची. माझा ड्रेस त्या गोष्टीत हळूहळू शालू झाला.

ऑपरेशनला मात्र चालढकल चालली होती. आधी दिवाळी, मग नाताळ. शेवटी गोव्यात, म्हापशाला दिलेली त्यांची लेक येऊन बसली आणि एका डोळ्याचं करवूनच घेतलं. पुढे दुसऱ्याचं गोव्यात करायचं आणि तिथेच लेकीकडे राहायचं, असंही तिने ठरवून टाकलं. निघायच्या आदल्या दिवशी सालूबाबांचा मला फोन आला. "बाय, गावात ये. एक काम आसा. उचलूक दोन माणसां लागतत."

चर्चमध्ये त्या सकाळी कोणी नव्हतं. फेस्ताचा पडदा गुंडाळून बाजूच्या खोलीत ठेवला होता. तो आम्ही दोघांनी बाहेर आणला आणि बाकांमधल्या वाटेवर उलगडत गेलो. पायाचा समुद्र, मग शाल, मग चेहरा. सालूबाबांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी तो ठेवायला सांगितला होता.

त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा मिटून बघितलं. मग तो उघडला आणि दुसरा मिटला. मग पुन्हा पहिला. हळूहळू ते गुडघ्यांवर बसले. चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"सालूबाब, काय झालं?"

"माका वाटलां होतां, मीच तिका फिकी करून तिच्याच इगर्जीत आणून टांगलंय." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "लोकां बरां म्हणत, मी हसा. आणि दर आयतारी हय येवन तिची माफी मागी. कोणाक सांगूक नाय. तुका पण नाय."

सगळ्या गावासमोर आपला डोळा गेला म्हणून ओरडून सांगणाऱ्या माणसाने एवढं पोटात ठेवलं होतं. मी नुसती त्यांच्या शेजारी बसले.

थोड्या वेळाने त्यांनी कॉलरचा रुमाल काढून तोंड पुसलं, बाकाला धरून उभे राहिले, छाती पुढे काढली आणि पडद्यावरच्या सायबिणीला रिकाम्या चर्चभर घुमेल अशा आवाजात म्हणाले, "आता बघितलंय! रंग बरोबर होतो! मागितलेली सगळी माफी आज परत घेतंय!"